सहनिर्णय : शिकता येणारे एक चिकित्साकौशल्य

चिकित्साचतुष्पादाचे विवेचन आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केलेले आहे. वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चार पाद, आणि प्रत्येकाचे चार गुण. रोग्याच्या गुणांमध्ये चरकाचार्यांनी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व ही चतुष्टयी सांगितली आहे. परंतु दैनंदिन व्यवहारात यांपैकी निर्देशकारित्वावरच, म्हणजे वैद्याने सांगितले तसे वागण्यावरच, आपला सारा भर असतो. रुग्णाने आपली अवस्था वैद्याला नीट कळवावी, हा ज्ञापकत्वाचा अर्थ. ती कळविण्यास आपण त्याला अवसर देतो का, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

याची जाणीव प्रस्तुत लेखकास एका रुग्णामुळे झाली. भगंदराचा एक रुग्ण आश्विन महिन्यात चिकित्सेसाठी आला. तपासणी करून क्षारसूत्र बांधले, दर आठवड्याला येण्यास सांगितले, पथ्य लिहून दिले. तीन वेळा सूत्र बदलले आणि दिवाळीनंतर रुग्ण येईनासा झाला. केसपेपरवर 'चिकित्सा अर्धवट सोडली' अशी नोंद झाली. चैत्रात तो परत आला तेव्हा जुने सूत्र तसेच होते, पू वाहत होता आणि दुसरे मुख तयार झाले होते. चौकशी केल्यावर कळले की तो ऊसतोड कामगार आहे. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, हा त्याचा दरवर्षीचा क्रम. मुकादमाची उचल घेतलेली असल्याने राहणे शक्यच नव्हते. "हे आधी का सांगितलं नाहीस?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही इचारलंच न्हाई, डॉक्टर."

निदान बरोबर होते, सूत्र उत्तम होते, कर्मही नीट झाले होते. चूक झाली ती निर्णयात, आणि तो निर्णय वैद्याने एकट्याने घेतला होता.

सहनिर्णय म्हणजे काय?

एखाद्या व्याधीवर एकाहून अधिक योग्य उपचार उपलब्ध असतात, तेव्हा त्यांतील कोणता उपचार घ्यावा हे वैद्य आणि रुग्ण यांनी परस्परांजवळची माहिती एकत्र करून ठरविणे, यास आपण सहनिर्णय म्हणू. वैद्याजवळ व्याधीचे, द्रव्यांचे आणि उपद्रवांचे ज्ञान असते. रुग्णाजवळ त्याच्या दिनक्रमाचे, उत्पन्नाचे, भीतीचे आणि अपेक्षांचे ज्ञान असते. या दोन्हींवाचून घेतलेला निर्णय अपुरा राहतो.

ही संज्ञा रूढ होण्यास अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या वैद्यकीय नीतिविषयक आयोगाचा १९८२ सालचा अहवाल कारणीभूत झाला. पुढे कॅनडा, ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी या देशांत तिच्यावर पुष्कळ काम झाले आणि वैद्यकीय शिक्षणातही तिचा समावेश झाला. आपल्या देशात या विषयाची कायदेशीर बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २००८ मधील समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या निकालाने स्पष्ट झाली. उपचाराचे स्वरूप व हेतू, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर मिळालेली संमतीच खरी संमती होय, असे तेथे न्यायालयाने म्हटले आहे.

तथापि संमतिपत्र आणि सहनिर्णय या दोन भिन्न गोष्टी आहेत. संमतिपत्रात वैद्याने आधीच ठरविलेल्या गोष्टीस रुग्ण होकार देतो. सहनिर्णयात ठरविण्याच्या क्रियेतच रुग्ण सहभागी असतो. वर उल्लेखिलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर त्याचा अंगठा होता. त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

शास्त्रातील आधार आणि त्याची मर्यादा

ही कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली आहे, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतील. त्यांनी दोन संदर्भ पाहावेत. सुश्रुताचार्यांनी अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी, कर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यशाविषयी संशय, ही स्थिती सांगून अधिपतीची अनुज्ञा घेण्यास सांगितले आहे. चरकाचार्यांनी उदरचिकित्सेत, अन्य उपाय थकल्यावर विषप्रयोगासारखा धोक्याचा उपाय योजण्यापूर्वी रुग्णाचे नातलग, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरुजन यांना संशय स्पष्टपणे सांगून त्यांची संमती घेण्याचा आदेश दिला आहे. अनिश्चितता लपवू नये, ती बोलून दाखवावी, हा विचार आपल्या संहितांमध्ये स्पष्टपणे आलेला आहे.

परंतु याच संदर्भांची मर्यादाही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. चरकाचार्यांनी दिलेल्या त्या यादीत स्वतः रुग्णाचा निर्देश नाही. त्या काळच्या समाजरचनेत ते स्वाभाविक असेल. आजही आपल्या चिकित्सालयात मुलगा बोलतो आणि आई गप्प बसते, पती ठरवतो आणि पत्नी औषध घेते. ही परंपरा शास्त्राची म्हणून चालू ठेवण्याचे कारण नाही.

याउलट, रुग्णाचे स्वरूप पाहून उपाय बदलण्याची शास्त्राची दृष्टी फार सूक्ष्म आहे. नाडीव्रणात कृश, दुर्बल आणि भीरू रुग्णांसाठी शस्त्राऐवजी क्षारसूत्र योजावे, असे सुश्रुत सांगतात. येथे रुग्णाची भीती हा उपचार ठरविण्यातील एक रीतसर घटक मानलेला आहे. दशविध परीक्षेतील सत्त्व आणि सात्म्य यांचा विचार हाच आहे. फक्त ही परीक्षा रुग्णाकडे पाहून पूर्ण होत नाही, त्याला विचारून करावी लागते.

एक उदाहरण : भगंदर

भगंदराचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यात दोन्ही बाजूंचे आकडे आपल्याच देशातील आहेत. काशी हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले, हे सर्वांस ज्ञात आहे. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने क्षारसूत्र आणि शस्त्रकर्म यांची बहुकेंद्रीय तुलनात्मक चाचणी केली. तिचे निष्कर्ष १९९१ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पुनरुद्भवाचे प्रमाण क्षारसूत्राच्या गटात ४ टक्के, तर शस्त्रकर्माच्या गटात ११ टक्के आढळले. मात्र व्रण भरून येण्यास क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे आणि शस्त्रकर्माने सुमारे ४ आठवडे लागले.

या आकड्यांवरून 'क्षारसूत्र श्रेष्ठ' असा निष्कर्ष काढून आपण थांबतो. सहनिर्णयाची सुरुवात तेथून पुढे होते. ज्याचे घर चिकित्सालयापासून दोन गल्ल्या दूर आहे आणि ज्याला रजा मिळणे कठीण आहे, त्यास कामावर जात जात आठवड्याला एकदा सूत्र बदलून घेणे सोयीचे असते. त्यास ८ आठवडे जड नाहीत. ज्याला दोन महिन्यांनी परगावी जायचे आहे, जो चाळीस किलोमीटरवरून एस.टी.ने येतो, त्यास चार आठवड्यांत मोकळे होणे आणि पुनरुद्भवाचा थोडा अधिक धोका पत्करणे रास्त वाटू शकते. आकडे तेच असतात, निर्णय भिन्न होतो, आणि दोघांचेही निर्णय योग्य असतात.

आकडे सांगण्याची पद्धतही शिकावी लागते. "क्षारसूत्राने पुनरुद्भव साठ टक्क्यांहून अधिक कमी होतो" हे विधान गणिताने खरे आहे, पण त्याने रुग्णाची दिशाभूल होते. "शंभर जणांना सूत्र बांधले तर चौघांना पुन्हा त्रास झाला, शंभर जणांचे ऑपरेशन केले तर अकरा जणांना झाला. म्हणजे सूत्राने शहाण्णव आणि ऑपरेशनने एकोणनव्वद जण पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत" असे सांगितले म्हणजे अशिक्षित रुग्णासही चित्र स्पष्ट दिसते. त्याचबरोबर ती चाचणी १९९१ सालची आहे, त्यानंतर शस्त्रकर्माच्या नव्या पद्धती आल्या आहेत, आणि गुदसंकोचक पेशींमधून जाणाऱ्या खोल नाडीत मल-वायूवरील नियंत्रणाचा प्रश्न दोन्ही मार्गांत विचारात घ्यावा लागतो, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्याकडे स्वतःच्या रुग्णांची नोंद आहे त्यांनी ती सांगावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी या वर्षापासून ठेवण्यास आरंभ करावा.

बोलण्याचे तीन टप्पे

ब्रिटनमधील ग्लिन एल्विन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेला आणि २०१७ साली सुधारलेला तीन टप्प्यांचा आराखडा प्रशिक्षणासाठी सर्वांत सोपा आहे. त्यांना आपण सोबतीचे बोलणे, पर्यायांचे बोलणे आणि निर्णयाचे बोलणे असे म्हणू.

सोबतीच्या बोलण्यात रुग्णाला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. येथे एकाहून अधिक मार्ग आहेत, आणि ते ठरविताना त्याला एकटे सोडले जाणार नाही. पुष्कळ रुग्ण येथेच अडतात. त्यांना वाटते की वैद्यालाच नक्की माहीत नाही. तेव्हा संवाद साधारणतः असा व्हावा :

"दादा, तुमच्या या दुखण्यावर दोन उपचार आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. कोणता घ्यायचा ते तुमच्या कामावर आणि घरच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. म्हणून आपण दोघांनी मिळून ठरवू."

"मला त्यातलं काय कळतंय डॉक्टर? तुम्ही म्हणाल तसं."

"औषधातलं मी बघतो. पण तुमच्या कामातलं मला कळत नाही, ते तुम्हीच सांगू शकता. आधी दोन्ही उपचार नीट सांगतो, मग बोलू."

पर्यायांच्या बोलण्यात प्रत्येक मार्गाचे लाभ, त्रास, कालावधी, खर्च आणि येण्याजाण्याच्या खेपा सांगाव्यात. 'काहीच न करणे' हाही एक पर्याय असतो आणि त्याचे परिणामही सांगावेत. आपल्याला जो उपचार येतो त्याचे लाभ आणि जो येत नाही त्याचे दोष सांगण्याची प्रवृत्ती मनुष्यस्वभावात आहे. तिच्यावर लक्ष ठेवावे. शेवटी रुग्णालाच, "आता घरी गेल्यावर वहिनींना हे कसं सांगाल?" असे विचारावे. त्याच्या उत्तरावरून त्याला काय समजले आणि काय निसटले हे एका मिनिटात कळते. "समजलं ना?" या प्रश्नाला रुग्ण नेहमीच होकार देतो, म्हणून तो प्रश्न निरुपयोगी समजावा.

निर्णयाच्या बोलण्यात "तुम्हाला यांतलं सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं?" हा प्रश्न मध्यवर्ती असतो. उत्तर लगेच मिळेलच असे नाही. घाईचे कारण नसेल तर दोन दिवस विचार करू द्यावा, घरी बोलू द्यावे. सर्व ऐकून घेतल्यावर रुग्ण "तुम्हीच ठरवा" म्हणाला, तर तोही त्याचा निर्णयच होय. अशा वेळी वैद्याने आपले मत निःसंकोच द्यावे, आणि ते रुग्णाच्या कोणत्या गोष्टीवरून दिले हेही सांगावे.

हे केवळ मोठ्या कर्मांपुरते मर्यादित नाही. नित्याच्या चिकित्सेत औषधाची कल्पना ठरविणे हाच एक सहनिर्णय आहे. सकाळी सहाच्या लोकलने जाणाऱ्या गृहिणीस रोज काढा उकळणे जमणार नाही, तिला वटी किंवा चूर्ण द्यावे लागेल. मधुमेह्यास अवलेहातील साखरेविषयी सांगितले पाहिजे. आसवारिष्टांत स्वयंजात मद्यांश असतो हे कळल्यावर एखादा माळकरी ते घेणार नाही, आणि न सांगता बाटली कोपऱ्यात ठेवून देईल. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ज्येष्ठमध दीर्घकाळ द्यायचे असेल, तर त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि रक्तातील पोटॅशियम घटू शकते, हे सांगून पर्याय पुढे ठेवला पाहिजे.

औषधविक्रेत्यांचे स्थान

आमच्या औषधविक्रेत्या बंधूंना हा विषय वैद्यांचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः रुग्णाचा खरा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच काउंटरवर होतो. महिन्याचे औषध लिहून दिलेले असताना रुग्ण सात दिवसांचेच मागतो. चार औषधांपैकी दोन वगळतो. स्वस्त काही आहे का, असे विचारतो. वैद्यासमोर 'हो' म्हणालेला रुग्ण तेथे आपले 'नाही' प्रकट करतो. हे वैद्याला कधीच कळत नाही, आणि औषधाला गुण आला नाही असे समजून तो मात्रा वाढवितो.

म्हणून काउंटरवरील कर्मचाऱ्यांनाही थोडे प्रशिक्षण आवश्यक आहे. त्यांनी उपचार ठरवू नये. त्यांनी विचारावे इतकेच : औषध कोणासाठी आहे, डॉक्टरांची दुसरी कोणती औषधे चालू आहेत, आणि यांतले काही घेण्यास अडचण आहे का? अडचण कळली तर ती चिठ्ठीच्या मागे लिहून किंवा दूरध्वनीने वैद्यास कळवावी. परस्पर औषध बदलून देऊ नये. औषधे व प्रसाधने नियमांतील अनुसूची ई (१) मधील विषारी द्रव्ये ज्या कल्पांत आहेत, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी. जाहिरातीचे कात्रण घेऊन 'हे घेतल्यावर साखरेची गोळी बंद करता येते का?' असे विचारणाऱ्या ग्राहकास औषध न देता वैद्याकडे पाठवावे. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने प्रतिबंध आहे, याचेही स्मरण ठेवावे.

प्रशिक्षण कसे असावे?

'आम्ही तर रुग्णाशी बोलतोच' असे आपल्यापैकी प्रत्येकास वाटते. याविषयीची निरीक्षणे उद्बोधक आहेत. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाने बोलण्यास आरंभ केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरने त्याला मध्येच थांबविल्याचे आढळले. त्यास मुद्दाम न थांबवल्यास तो किती वेळ बोलेल, हे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रुग्णांवर पाहण्यात आले. सरासरी ९२ सेकंद! दर १०० पैकी ७८ रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांत आपोआप संपले. प्रश्नपरीक्षेस वेळ नाही ही आपली सबब दोन मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही.

दुसरी गोष्ट, केवळ व्याख्यानाने हे कौशल्य येत नाही. नाडीपरीक्षा व्याख्यान ऐकून येत नाही, तद्वतच हे आहे. येथे प्रामाणिकपणे हेही नमूद करावयास हवे की, वैद्यकांना सहनिर्णय शिकविण्याच्या उपायांवर २०१८ साली झालेल्या कॉक्रेन समीक्षेत ८७ अभ्यास तपासूनही कोणता उपाय निश्चितपणे परिणामकारक आहे, हे ठामपणे सांगता आले नाही. रुग्णांना पर्याय समजावून देणाऱ्या पत्रकांचा आणि साधनांचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०२४ च्या कॉक्रेन समीक्षेत २०९ अभ्यासांवरून, अशा साधनांमुळे रुग्णांचे ज्ञान वाढते आणि धोक्यांचा अंदाज अधिक अचूक होतो, असे दिसून आले. यास्तव प्रशिक्षण आणि पत्रक दोन्ही हवेत, आणि प्रशिक्षणाचा परिणाम आपण स्वतः मोजला पाहिजे.

शाखांच्या पातळीवर पुढील चार सत्रांचा क्रम सहज शक्य आहे. प्रत्येक सत्र दोन तासांचे, पंधरा दिवसांच्या अंतराने, बारा जणांच्या गटात, आणि त्यांत दोन-तीन औषधविक्रेते असावेत.

पहिले सत्र ऐकण्याचे. जोडीतील एकाने स्वतःची खरी तक्रार दोन मिनिटे सांगावी आणि दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे. नंतर ऐकणाऱ्याने ती पुन्हा सांगावी. अनुभवी वैद्यांनाही हे प्रथम जड जाते.

दुसरे सत्र पर्यायांचे. गटाने एक व्याधी निवडावी, उदाहरणार्थ भगंदर, अर्श किंवा संधिगतवात, आणि तिच्यासाठी एका पानाचे मराठी पत्रक तयार करावे. त्यात प्रत्येक पर्यायाचे लाभ, त्रास, कालावधी, खर्च आणि 'शंभरपैकी किती' असे आकडे असावेत. आकडा उपलब्ध नसेल तेथे तसे स्पष्ट लिहावे. संधिगतवातात बस्ती, स्नेहन-स्वेदन आणि शमनौषधी यांच्याबरोबर व्यायाम, वजन कमी करणे, वेदनाशामक गोळी आणि सांधेबदल शस्त्रक्रिया हेही पर्याय लिहिले पाहिजेत. रुग्ण ते शेजाऱ्याकडून ऐकतोच, आपल्याकडून ऐकलेले बरे.

तिसरे सत्र अभिनयाचे. तिघांच्या गटात एक वैद्य, एक रुग्ण आणि एक निरीक्षक. रुग्णाची भूमिका करणाऱ्यास एक चिठ्ठी द्यावी आणि तिच्यात वैद्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट असावी : रजा नाही, शस्त्रक्रियेची भीती आहे, सून औषध करून देत नाही, दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या गुपचूप चालू आहेत. विचारल्याशिवाय ती सांगू नये. निरीक्षकाने पाच गोष्टींची नोंद करावी : एकाहून अधिक पर्याय आहेत हे सांगितले का, रुग्णाला सोबतीची खात्री दिली का, पर्यायांचे गुणदोष समजावले का, रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते हे विचारले का, आणि निर्णय त्याच्याशी जुळला का. मग भूमिका बदलाव्यात.

चौथे सत्र स्वतःच्या रुग्णांचे. मधल्या काळात प्रत्येकाने एका रुग्णाच्या अनुमतीने संवाद ध्वनिमुद्रित करून आणावा आणि नाव-गाव गाळून गटापुढे ऐकवावा. स्वतःचा आवाज ऐकताना जे उमगते ते कोणी सांगून उमगत नाही.

परिणाम मोजण्यासाठी चिकित्सालयातून बाहेर पडणाऱ्या रुग्णास तीन प्रश्न विचारणे पुरे. तुमचा आजार तुम्हाला समजावा म्हणून किती प्रयत्न झाला? तुम्हाला महत्त्वाचे वाटणारे ऐकून घेण्याचा किती प्रयत्न झाला? आणि उपचार ठरविताना त्याचा किती विचार झाला? उत्तरे वैद्याने स्वतः नव्हे, तर स्वागतकक्षातील व्यक्तीने नाव न लिहिता घ्यावीत. प्रशिक्षणापूर्वी एक आठवडा आणि तीन महिन्यांनी एक आठवडा.

रुग्णांनाही या शिक्षणात सामावून घेता येते. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाने तीन प्रश्न विचारल्यावर डॉक्टर पर्यायांविषयी अधिक माहिती देतात, असे आढळले. माझ्यापुढे पर्याय कोणते? प्रत्येकाचे लाभ आणि तोटे काय? आणि ते माझ्या बाबतीत घडण्याचा संभव किती? हे प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून प्रतीक्षाकक्षात लावावेत. असा फलक लावणे ज्यास अडचणीचे वाटेल, त्याने पहिल्या सत्रास अवश्य यावे.

मर्यादा

प्रत्येक गोष्ट सहनिर्णयाची नसते. इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यास इन्शुलिन बंद करणे हा पर्याय नाही. तो पर्याय म्हणून मांडणे हा अपराध होय. छातीत कळ येऊन घामाने डबडबलेल्या रुग्णास पर्याय समजावीत बसू नये, त्वरित रुग्णालयात धाडावे. जेथे एकच सुरक्षित मार्ग आहे तेथे स्पष्ट आणि ठाम सल्ला देणे हेच वैद्याचे कर्तव्य आहे. तसेच पर्यायांची यादी सांगून 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणणे हा सहनिर्णय नव्हे, ती जबाबदारीची टाळाटाळ होय.

वृद्ध रुग्णाबरोबर मुले आली असता त्यांचे म्हणणे अवश्य ऐकावे. पण एकदा तरी आजीकडे वळून, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे.

समारोप

चैत्रात परतलेल्या त्या रुग्णाची चिकित्सा पुन्हा सुरू केली ती मात्र वेगळ्या रीतीने. प्रथम दिवाळीपर्यंत किती आठवडे हाती आहेत ते दोघांनी मिळून मोजले. नाडीची लांबी पाहता सूत्राने काम वेळेत होईल असा अंदाज निघाला. शस्त्रकर्माचा मार्गही सांगितला. त्याने विचार करून सूत्रच निवडले, पण सूत्र बदलण्याचा वार त्याने ठरविला : गावच्या आठवडी बाजाराचा, कारण त्या दिवशी गावाहून गाडी मिळते. एकही खेप चुकली नाही आणि पावसाळा संपण्यापूर्वी व्रण भरला. यात वैद्याचे कौशल्य पहिल्या वेळेइतकेच होते. फक्त या वेळी एक प्रश्न अधिक विचारला होता.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने येत्या वर्षात निदान एक चार सत्रांचा वर्ग घ्यावा, त्यात तयार झालेली पत्रके आणि रुग्णांच्या उत्तरांची नोंद या त्रैमासिकाकडे पाठवावी, म्हणजे एका शाखेचे काम दुसरीस उपयोगी पडेल, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.